दुपारी दोननंतर एक्स-रेचा स्कोअर येणं बंद: टी४ कार्ड, अकोल्याचा उन्हाळा आणि आमचे तीन चुकीचे उपाय

आधी सिम्प्टम सांगतो, म्हणजे ज्याच्याकडे हाच त्रास आहे त्याला लगेच ओळखू येईल. छातीचा एक्स-रे बघून कुठल्या आजाराची किती शक्यता याचा स्कोअर देणारं एआयचं क्लासिफिकेशन मॉडेल आहे, सकाळी एकदम टकाटक, एक्स-रे आला की सेकंद-सव्वा सेकंदात वर्कलिस्टमध्ये (वाचायच्या एक्स-रेच्या यादीत) स्कोअर दिसतो. दुपारी दीड-दोन वाजले की स्कोअरच्या जागी नुसती आडवी रेघ. संध्याकाळी सात-साडेसातनंतर परत आपोआप सुरू. एरर म्हणाल तर काही नाही, लॉगमध्ये फक्त टाइमआउट. मशीन दहा मिनिटं बंद ठेवून चालू केलं की अर्धा तास बरं चालतं आणि मग ये रे माझ्या मागल्या. आणि हे सगळं मार्च संपला की सुरू होतं, पाऊस पडला की थांबतं, त्यामुळे दर जूनमध्ये कुणीतरी म्हणतं की चला, परवाच्या अपडेटने फिक्स झालं एकदाचं, आणि पुढच्या एप्रिलला टेक्निशियनचा फोन येतोच, "सकाऊन बराबर चालते न सर, दुपारी याले काय होते काय मालूम."

डायग्नोस्टिक सेंटर अकोल्यातलं आहे, नाव घेत नाही, चूक बरीचशी आमचीच होती. अकोल्याचा मे ज्याने पाहिलाय त्याला वरचा पॅरा वाचूनच उत्तर कळलं असेल. आम्हाला मात्र दोन उन्हाळे लागले.

सेटअप असा. साधा टॉवर पीसी, त्यात एनव्हिडियाचं टी४ कार्ड, म्हणजे मॉडेलची गणितं वेगाने करणारा जीपीयू, १६ जीबी मेमरी. हे कार्ड २०१८ मध्ये आलं, ७० वॅटमध्ये चालतं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतं, म्हणून छोट्या सेटअपवाल्यांचा त्याच्यावर फार जीव. मॉडेल डेन्सनेट-१२१, म्हणजे २०१७ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी चेक्सनेट या त्यांच्या एक्स-रे वाचणाऱ्या मॉडेलसाठी वापरलं तेच आर्किटेक्चर, फक्त आमचं इनपुट २२४ ऐवजी १०२४ बाय १०२४ पिक्सेल होतं, कारण न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठते तो प्रकार) बारीक रेघ २२४ मध्ये दिसेनाशी होते. अशी पाच मॉडेलं, आणि प्रत्येकाला सरळ आणि फ्लिप केलेली अशा दोन इमेज, म्हणजे एका एक्स-रेला मॉडेलच्या दहा फेऱ्या (पास), त्यांची सरासरी. (फ्लिप केल्यावर हृदय उजवीकडे जातं म्हणून रेडिओलॉजिस्ट मॅडम खूप हसल्या होत्या, पण ट्रेनिंगमध्येही फ्लिप होतं म्हणून चालून जातं.) रिपोर्ट मॅडमच लिहितात, स्कोअरचा उपयोग फक्त कुठला एक्स-रे आधी उघडायचा एवढ्यापुरता. त्याशिवाय टीबीच्या स्क्रीनिंग कॅम्पवरून दुपारी एकदम पाचशे-सहाशे एक्स-रेचा गठ्ठा यायचा. तसल्या कामासाठी कॉम्प्युटरने एक्स-रे वाचायला १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये हिरवा कंदील दिला, तेव्हापासून कॅम्पवाल्यांकडून ही मागणी वाढलीच आहे. व्ह्यूअर स्कोअरची ३ सेकंद वाट बघतो, नाही आला की रेघ.

आता आमचे चुकीचे उपाय, कारण मला खात्री आहे की तुम्ही यातला एक तरी करून बसला असाल.

पहिला, दुपारी दीड वाजता ऑटोमॅटिक रीस्टार्ट. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) टाकलं आणि हात झटकले. रीस्टार्टला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात काही फरक पडत नाही, उलट त्या दोन-तीन मिनिटांत आलेले एक्स-रे रांगेत अडकले आणि टेक्निशियनच्या शिव्या फुकटच्या.

दुसरा, मोठं कार्ड मागवायचं कोटेशन. एनव्हिडिया-एसएमआय (कार्डची अवस्था दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर जीपीयू-युटिल १०० टक्के. सगळे म्हणाले कार्ड पुरत नाही, मोठं घ्या. इथे जरा थांबा, कारण हा आकडा भल्याभल्यांना फसवतो. युटिल १०० म्हणजे कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय असं नाही, मधल्या वेळात कार्डवर कुठला ना कुठला कर्नल, म्हणजे कामाचा छोटा तुकडा, चालू होता एवढंच. बैलगाडी हायवेवर दिवसभर चालली तरी तिचं युटिल १०० टक्केच येणार ना. क्लॉक, म्हणजे कार्डचा वेग, पडला की तेच काम जास्त वेळ चालतं, म्हणून युटिल वर जातं, आणि आपण म्हणतो लोड वाढला.

तिसरा उपाय सगळ्यात महागात पडला, मॉडेल आयएनटी८ मध्ये, म्हणजे ८ बिटच्या पूर्णांकांत, नेणं, त्याबद्दल खाली सविस्तर सांगतो कारण ते प्रकरण वेगळंच आहे.

आधी साधा हिशोब करायला हवा होता, तो आम्ही फार उशिरा केला. डेन्सनेट-१२१ ला २२४ च्या एका इमेजसाठी सुमारे २.९ अब्ज गुणाकार-बेरजा लागतात. १०२४ म्हणजे जवळपास २१ पट पिक्सेल, म्हणजे ६० अब्ज. दहा पास, ६०० अब्ज. गुणाकार आणि बेरीज वेगवेगळी मोजली तर १.२ टेराफ्लॉप, म्हणजे १.२ लाख कोटी क्रिया. टी४ कागदावर एफपी३२ मध्ये (३२ बिटचे दशांश आकडे) सेकंदाला ८.१ टेराफ्लॉप देतं, म्हणजे काम ०.१५ सेकंदाचं, कागदावरचं कधीच मिळत नाही म्हणून तिप्पट-चौपट धरा, अर्धा-पाऊण सेकंद. सकाळी आमचा आकडा ०.६ च्या आसपास होता. म्हणजे कार्ड पुरत होतं. दुपारी तोच आकडा २.२ झाला, त्यात फाइल उघडायचा वेळ मिळवला आणि पुढे दोन एक्स-रे रांगेत असले की ३ सेकंद संपलेच. प्रश्न मग एवढाच उरतो की तेच कार्ड, तेच मॉडेल, तीच इमेज, आणि साडेतीन पट फरक कुठून आला.

तुम्ही पण इथूनच सुरू करा. मॉडेलचा कोड उघडूच नका, टर्मिनल उघडा, आणि एनव्हिडिया-एसएमआयला डॅश क्यू, डॅश डी परफॉर्मन्स देऊन चालवा, पण त्रास चालू असताना, सकाळी नाही. त्यात क्लॉक्स थ्रॉटल रीझन्स (वेग कमी केल्याची कारणं) असा भाग येतो, नवीन ड्रायव्हरमध्ये त्याला क्लॉक्स इव्हेंट रीझन्स म्हणतात. तिथे एसडब्ल्यू थर्मल स्लोडाऊन किंवा एचडब्ल्यू थर्मल स्लोडाऊनपुढे अ‍ॅक्टिव्ह दिसलं तर कार्ड तापलंय आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतंय. एसडब्ल्यू पॉवर कॅप अ‍ॅक्टिव्ह दिसलं तर घाबरू नका, सलग लोड असला की टी४ थंड असतानाही ७० वॅटच्या मर्यादेला टेकतं आणि क्लॉक थोडा खाली येतो, तो आजार नाही.

एकदा बघून भागत नाही. क्वेरी-जीपीयूने वेळ, तापमान, एसएम क्लॉक, पॉवर आणि थ्रॉटलचं कारण दर मिनिटाला सीएसव्हीमध्ये लिहायला लावा आणि एक अख्खा दिवस जाऊ द्या. आमच्या फाइलमधल्या दोन ओळी:

११:०५, ७३ अंश, १५९० मेगाहर्ट्झ, थ्रॉटल नाही
१४:४०, ८५ अंश, ४३५ मेगाहर्ट्झ, एसडब्ल्यू थर्मल स्लोडाऊन

१५९० भागिले ४३५, साडेतीनपेक्षा थोडं जास्त. वरचा साडेतीन पट फरक आठवला? मी ती फाइल उघडून पाच मिनिटं गप्प बसलो होतो. दोन वर्षं आम्ही मॉडेलमध्ये काय काय बदललं होतं, आणि हे सगळं दोन ओळींत होतं.

आता कारण. टी४ ला पंखाच नाही. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये फॅनच्या जागी एनए दिसतं ते सेन्सर खराब आहे म्हणून नाही, पंखाच नाही म्हणून. हे कार्ड डेटा सेंटरच्या सर्व्हरसाठी बनवलंय, तिथे चॅसिसच्या पुढच्या बाजूला किंचाळणारे पंखे असतात आणि ते हवा जोरात कार्डमधून आरपार ढकलतात. टॉवर पीसीमध्ये असा झोत नसतोच, हवा कार्डच्या आजूबाजूने फिरते, आतून जात नाही. ज्याने पीसी असेंबल केला त्याने स्लॉटमध्ये बसतंय ना, मग झालं, असं म्हणून बसवलं, आणि आम्हीही ७० वॅट म्हणजे एका बल्बएवढं, त्यात काय तापतंय असं म्हणून सही केली. पण मॉडेल मेमरीत लोड करून प्रोसेस चालू ठेवली की एकही एक्स-रे आलेला नसताना सुद्धा कार्ड वीस-पंचवीस वॅट खात बसतं, पूर्ण झोपत नाही, आणि हवा नसेल तर तेवढ्यानेही हळूहळू तापत जातं. सकाळी खोली २८ अंशांवर असताना निभावतं. दुपारी बाहेर ४४, खोलीत कूलर चालू असूनही ३५-३६, टेबलाखालच्या त्या कोनाड्यात त्याहून जास्त, आणि त्यात कॅम्पचा गठ्ठा नेमका दुपारी. किती अंशांना कार्ड काय करतं ते डॅश डी टेम्परेचर देऊन तुमच्या कार्डचं बघून घ्या, स्लोडाऊन आणि शटडाऊनचे आकडे तिथेच दिसतात.

लगेच सुचणारा उपाय म्हणजे कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावणं. केला. एका अंशाचा फरक पडला. कार्डच्या धातूच्या पात्या खोक्यात बंद असतात, बाजूने वारा घातला तर तो खोक्याला लागतो, पात्यांना नाही. आणि कूलरचं तोंड पीसीकडे करायचा मोह तर अजिबात नको, वाळ्याचा वास छान येतो पण दमट हवा आणि धूळ मिळून पात्यांवर जो लेप बसतो तो नंतर ब्रशने घासावा लागतो, मी घासलाय.

चालणारा उपाय एकच, कार्डच्या मागच्या टोकाला नळीसारखा शराउड बसवून त्यातून छोटा ब्लोअर हवा आत लोटेल आणि ती ब्रॅकेटच्या बाजूने बाहेर पडेल असं करणं. शराउड थ्रीडी प्रिंट करून मिळतो, आम्ही पहिला पुठ्ठा आणि अ‍ॅल्युमिनियम टेपचा केला होता, दिसायला भयाण पण दुपारी अडीच वाजता तापमान ६६. क्लॉक परत वर. एवढंच. ब्लोअर आणि प्रिंट धरून हजाराच्या आतबाहेर खर्च, आणि तिकडे कोटेशन लाखांत होतं.

ब्लोअर येईपर्यंत दोन दिवस काढायचे असतील तर क्लॉक लॉक करा, एनव्हिडिया-एसएमआयला डॅश एलजीसी देऊन वरची मर्यादा ९०० वगैरे ठेवा. सकाळी थोडं हळू चालेल पण दुपारी ४३५ वर कोसळणार नाही, आणि टाइमआउटच्या आत राहील. पॉवर लिमिटने फारसं हाती लागत नाही, टी४ मध्ये ती ७० वरून ६० वॅटपर्यंतच खाली आणता येते.

आता ते आयएनटी८ प्रकरण. तापमानाचा शोध लागायच्या आधी मी ठरवलं होतं की मॉडेल जड आहे, हलकं करू. टेन्सरआरटी या एनव्हिडियाच्या टूलने एफपी३२ चं आयएनटी८ केलं. वेग खरंच मिळाला, दुपारीही रेघ दिसेना, मी खूष, पार्टी मागितली गेली. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन. रागावल्या नव्हत्या, फक्त म्हणाल्या, "अरे, या आठवड्यात मी दोन न्यूमोथोरॅक्स लिहिले, तुझं मशीन दोन्ही वेळा गप्प होतं. आधी तर ते जरा जास्तच ओरडायचं."

घाम फुटणे म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. दोन्ही एक्स-रे घेऊन जुन्या आणि नव्या मॉडेलमधून काढले. एफपी३२ मध्ये ०.७१ आणि ०.६४. आयएनटी८ मध्ये ०.१८ आणि ०.२२. निमोनिया, कार्डिओमेगाली वगैरेचे स्कोअर जवळपास जागेवर. म्हणजे मोठ्या, ठसठशीत गोष्टी टिकल्या आणि बारीक गेली.

का ते हाताने करून बघण्यासारखं आहे. आयएनटी८ मध्ये एकूण २५६ पायऱ्या, उणे १२८ ते १२७. एखाद्या लेयरमधून नेहमी ० ते ६ च्या दरम्यान आकडे येत असतील तर एक पायरी ६ भागिले १२७, म्हणजे ०.०४७. आता कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ही रेंज ठरवायला दिलेल्या, इमेजेसमध्ये एका पेशंटला पेसमेकर होता, छातीत पांढराशुभ्र धातू, त्या एका ठिकाणी आकडा समजा ४८ गेला. मिन-मॅक्स पद्धतीने कॅलिब्रेट केलं तर रेंज ४८ पर्यंत ताणली जाते आणि एक पायरी ०.३८ ची होते. ०.१५ च्या आसपासचे सगळे आकडे सरळ शून्य. न्यूमोथोरॅक्सची ती केसासारखी रेघ असल्याच लहान आकड्यांत असते. एका पेसमेकरने बाकी सगळ्यांची बारीक नक्षी पुसून टाकली.

त्यात दुसरी घोडचूक, कॅलिब्रेशनसाठी मी आळस करून अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संस्थेच्या जुन्या पब्लिक डेटासेटमधल्या पहिल्या शंभर इमेज उचलल्या होत्या. तो डेटासेट चांगला आहे, ३०,८०५ पेशंटचे १,१२,१२० एक्स-रे, पण त्या इमेज ८ बिटच्या पीएनजी, आणि आमच्या मशीनवरून येतात १२ बिटच्या डायकॉम (वैद्यकीय इमेजचा फॉरमॅट), विंडोइंग वेगळं, कॉन्ट्रास्ट वेगळा. ज्या पाण्यात पोहायचं त्याच पाण्याचा अंदाज घ्यायचा असतो.

तुमच्याकडे आयएनटी८ लागणारच असेल तर हे करा: स्वतःच्या मशीनचे, वेगवेगळ्या दिवसांचे, पोर्टेबल आणि स्थिर दोन्हीचे पाचेकशे एक्स-रे घ्या, मिन-मॅक्सऐवजी एन्ट्रॉपी कॅलिब्रेटर वापरा म्हणजे एखादा टोकाचा आकडा रेंज ताणणार नाही, आणि पहिला कन्व्होल्युशन आणि शेवटचा लेयर एफपी१६ मध्येच (१६ बिटचे दशांश आकडे) राहू द्या. त्यानंतर एकूण अ‍ॅक्युरसी बघून समाधान मानू नका. प्रत्येक आजाराचा स्कोअर वेगळा काढून जुन्या मॉडेलशी एक-एक इमेज धरून ताडा. आमची एकूण सरासरी अर्ध्या टक्क्यानेही हलली नव्हती, कारण न्यूमोथोरॅक्सचे एक्स-रे मुळात कमी. आणि जुना थ्रेशोल्ड (स्कोअर कितीच्या वर गेला की इशारा द्यायचा तो आकडा) नव्या मॉडेलला चालेल असं समजू नका, स्कोअर सरकले की थ्रेशोल्ड परत ठरवावा लागतो.

आम्ही शेवटी आयएनटी८ सोडून एफपी१६ वर आलो. टी४ मध्ये एफपी१६ साठी टेन्सर कोर आहेत, एफपी३२ पेक्षा भरपूर वेग मिळतो आणि स्कोअर तिसऱ्या दशांशापर्यंत तेच. (कुणी ए१०० या नंतरच्या कार्डवर ट्रेन केलेला कोड आणून बीएफ१६, हा १६ बिटचाच दुसरा प्रकार, तसंच ठेवलं असेल तर टी४ ट्युरिंग पिढीचं आहे, त्यात बीएफ१६ चं हार्डवेअर नाही, वेग मिळणार नाही.)

पण एफपी१६ मध्येही एक खड्डा आहेच, आम्ही त्यातही पडलो. एका पोर्टेबल मशीनचे एक्स-रे आले की सगळ्या चौदाच्या चौदा आजारांच्या स्कोअरमध्ये एनएएन (नॉट अ नंबर, म्हणजे आकडाच नाही). बाकी मशीनचे व्यवस्थित. एफपी१६ मध्ये सगळ्यात मोठा आकडा मावतो तो ६५,५०४. त्या मशीनच्या फाइल १६ बिटच्या होत्या आणि कडेच्या रिकाम्या भागात पिक्सेलची किंमत ६५,५३५ भरलेली. आम्ही नॉर्मलायझेशन मॉडेलच्या आत, एफपी१६ करून झाल्यावर करत होतो, त्यामुळे ६५,५३५ आत शिरतानाच इन्फिनिटी व्हायचा आणि पुढे सगळा एनएएन. नॉर्मलायझेशन बाहेर एफपी३२ मध्ये आणलं, मग एफपी१६ केलं, संपलं. जाता जाता, डायकॉममध्ये फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशन मोनोक्रोम१ असेल तर काळं-पांढरं उलटं असतं, ते तपासत नसाल तर आजच तपासा, अ‍ॅक्सिलरेटरचा त्यात काही दोष नाही पण शिव्या त्यालाच बसतात.

ब्लोअर बसला, एफपी१६ झालं, तरी कॅम्पचा गठ्ठा मात्र हळूच. यावेळी लक्षण उलटं: कार्ड ६० अंश, क्लॉक वर, जीपीयू-युटिल ८-१० टक्के, म्हणजे कार्ड रिकामं बसून वाट बघतंय. एचटॉप (सीपीयूवरचा भार दाखवणारं टूल) लावलं तर सीपीयूचा एकच कोर १०० टक्क्यांवर. कॅम्पच्या फाइल जेपीईजी २००० लॉसलेसमध्ये यायच्या आणि एक एवढी मोठी फाइल उलगडायला सीपीयूला अर्धा सेकंद लागतो, आणि आमचा पायथॉनचा कोड एक फाइल उघड, मॉडेलला दे, उत्तर घे, मग दुसरी उघड असं शाळेच्या रांगेसारखं करत होता. सहा वर्कर प्रोसेस लावल्या, फाइल आली की लगेच उलगडून, १०२४ करून बाजूला ठेवायची, कार्डला फक्त तयार ताट. इथे एकच काळजी: वर्कर सुरू करायच्या आधी मुख्य प्रोसेसमध्ये कूडा (जीपीयूवर काम चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) चालू केलं असेल तर फोर्क केलेल्या प्रोसेसमध्ये परत चालू होत नाही, एरर येते, तेव्हा फोर्कऐवजी स्पॉन वापरा.

स्लॉटबद्दलही एकाने शंका काढली होती की टॉवरमधला लांब स्लॉट आतून चारच लेनचा आहे. होता. पण आमची एक इमेज १२ एमबीची, पीसीआय एक्सप्रेस ३ च्या चार लेन सेकंदाला जवळपास ४ जीबी नेतात, म्हणजे ३ मिलिसेकंद. जाऊ द्या. शिवाय लिंक बघायचीच असेल तर लोड चालू असताना बघा, रिकामं असताना कार्ड स्वतःच जेन १ वर (सगळ्यात हळू वेगावर) उतरतं आणि माणूस उगाच मदरबोर्ड बदलायला निघतो.

वेळ मोजताना कूडाचं सिंक्रोनाइझ करायला विसरू नका. जीपीयूला काम दिलं की पायथॉन पुढे जातं, काम संपायची वाट बघत नाही, त्यामुळे घड्याळ २ मिलिसेकंद दाखवतं आणि तुम्ही दुसऱ्यांशी भांडता. आमच्या टीममध्ये हे भांडण झालंय, मी चुकीच्या बाजूला होतो. पहिल्या पाच-दहा इमेजचा वेळही धरू नका, तेव्हा कार्ड अजून अंथरुणातून उठत असतं.

आणखी एक प्रकार लोक याच्याशीच गल्लत करतात. दुपार-सकाळ काही संबंध नाही, दिवसभर हळू, आणि एखाद्या सोमवारी अचानक सुरू झालं. हे तापमान नव्हे. बहुतेक वेळा उबुंटूने रात्री आपोआप ड्रायव्हर अपडेट केलेला असतो, एनव्हिडिया-एसएमआय लावलं की ड्रायव्हर आणि लायब्ररीचं व्हर्जन जुळत नाही असं येतं, आणि मॉडेल चालवणारा ओएनएनएक्स रनटाइम कूडा मिळालं नाही म्हणून गुपचूप सीपीयूवर जातो. मरत नाही, ओरडत नाही, लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो आणि रडतखडत काम करत राहतो. रीबूटने ड्रायव्हर जागेवर येतो. ड्रायव्हरचं पॅकेज होल्डवर टाका, आणि प्रोग्राम सुरू होताना कुठला प्रोव्हायडर (कूडा की सीपीयू) मिळाला ते विचारा, सीपीयू मिळाला असेल तर प्रोग्राम सरळ बंद पडू द्या. बंद पडलेलं लगेच कळतं, हळू चाललेलं महिनाभर कळत नाही. टेन्सरआरटीची इंजिन फाइल असेल तर तीही कार्ड आणि व्हर्जनला बांधलेली असते, एका मशीनवरची कॉपी करून दुसऱ्यावर चालेल असं धरू नका, तिथेच परत बनवा.

गूगलच्या यूएसबीवाल्या एज टीपीयूवर (एआयसाठीची छोटी चिप) हेच करायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, कारण २ वॅटमध्ये ४ टॉप्स (सेकंदाला ४ लाख कोटी क्रिया) ऐकायला गोड वाटतं, तर दोन गोष्टी. ते फक्त आयएनटी८ चालवतं, म्हणजे वरचं पेसमेकर पुराण टाळता येत नाही. आणि मॉडेलमध्ये त्याला न जमणारं एखादं ऑपरेशन मध्येच आलं तर तिथपासून पुढचं सगळं सीपीयूवर जातं, कंपायलरचा रिपोर्ट वाचल्याशिवाय ते कळतही नाही. आत साधारण ८ एमबी मेमरी, डेन्सनेट-१२१ चे पॅरामीटर ७० लाखांच्या आसपास, म्हणजे एक मॉडेल कसंबसं मावेल, पाच नाही.

तर ब्लोअर लावून आम्ही निवांत झालो, मे पार पडला, पुढच्या एप्रिलमध्ये परत फोन, परत दुपारी रेघ. सीएसव्ही उघडली, ८५ अंश, ४३५. ब्लोअर जळला असं समजून नवा घेऊन गेलो. टेबलाखाली वाकून बघतो तर ब्लोअर ठणठणीत, त्याचा अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमधून काढून वर नीट गुंडाळून ठेवलेला. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "लय आवाज करे तो दिवसभर, म्हनून काढून ठेवली पिन म्या. तुमचं काही बिघडलं काय?"

त्यांची चूक नाही, भिंतीच्या सॉकेटवर घेतला ही माझी. आता ब्लोअर थेट पीसीच्या एसएमपीएसवर (आतल्या पॉवर सप्लायवर) घेतलाय, म्हणजे पीसी चालू तर तो चालू, आणि तापमान ८० च्या वर पाच मिनिटं राहिलं की मला मेसेज येतो. मावशींना सांगून ठेवलंय की आवाज बंद झाला तर फोन करा. आतापर्यंत दोनदा केला, दोन्ही वेळा लाइट गेली होती.